पोट भरलं का बाई?

देवी व्हायला मला कधीच आवडलं नाही, पण देवीला कोण विचारतं? तिला नेऊन पाटावर बसवतात. मंगळवार किंवा शुक्रवार उजाडला की मला धास्ती असायची, आज आई शाळेच्या फाटकाशी उभी असेल का? आणि ती असायचीच. एका हातात पुरणावरणाचे डबे, दुसऱ्या हातात पिशवीत माझा धुतलेला, सोवळ्यातला, कुणाचा हात न लागलेला फ्रॉक. मधल्या सुट्टीत मुली लंगडी खेळत असताना मी दप्तर घेऊन तिच्या मागून निघायचे. बाईंना तिनं काय सांगून ठेवलं होतं देव जाणे, पण त्यांनी मला कधी अडवलं नाही. अडवावं असं मला फार वाटायचं.

बोडण म्हणजे काय, हे हल्ली आमच्याच लोकांना सांगावं लागतं, म्हणून इथंही सांगते. कोकणस्थांच्या घरात लग्न झालं, मुंज झाली, बाळ जन्मलं की बोडण भरतात. मोठ्या परातीत अन्नपूर्णेची बोटभर मूर्ती ठेवायची, पुरणावरणाचा सगळा स्वयंपाक तिच्यापुढं वाढायचा, वरून दूध, दही, तूप, मध, साखर ओतायची, आणि चार सवाष्णी आणि एक कुमारिका अशा पाचजणींनी परातीभोवती बसून ते सगळं हातानं कालवायचं. कुमारिका म्हणजे पाळी सुरू न झालेली मुलगी. तेवढ्या वेळापुरती तीच देवी. कालवता कालवता सवाष्णी तिला विचारतात, ‘काय हवं बाई?’ ती दूध म्हणाली की दूध घालायचं, मध म्हणाली की मध. शेवटी विचारायचं, ‘पोट भरलं का बाई?’ आणि ती ‘भरलं’ म्हणेपर्यंत परातीतून कुणी हात काढायचा नाही. पुरुषांनी हे बघायचं नसतं, म्हणून दार आतून लावलेलं. मग कालवलेलं सगळं गाईला. बडोद्यात आमच्या लोकांकडे निदान अशीच रीत होती, आणि त्या काही वर्षांत शहरातल्या निम्म्या बोडणांची देवी मी होते. एवढं दूध आणि मध मागून मला त्यातला एक घोटही कधी प्यायला मिळाला नाही.

याला कारण आमचं दुकान. दांडिया बाजारातल्या एका गल्लीत भाड्याच्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान, मधली खोली म्हणजे कोठार, आणि मागचं स्वयंपाकघर म्हणजे कारखाना. राहायचं कुठं, तर या तिन्हींत जिथं जागा मिळेल तिथं. मी पाचवीपासून अभ्यास केला तो भाजणीच्या डब्याला टेकून, आणि माझ्या वह्यांना धण्याजिऱ्याचा वास यायचा. बाबा आधी नंदेसरीला एका रसायनांच्या कारखान्यात होते. तिथल्या वाफांनी त्यांची छाती धरली, डॉक्टरांनी नोकरी सोडायला सांगितलं, आणि आईनं पुढच्या खोलीचा दरवाजा रस्त्याच्या बाजूनं उघडला. बाबा गल्ल्यावर बसायचे. त्यांचं बोलणं दमाला पुरेल एवढंच, त्यामुळे गिऱ्हाइकांना ते फार सभ्य वाटायचे.

आईचं माहेर केळशीचं, अगदी समुद्राला लागून. तिच्या बोलण्यात समुद्र फार यायचा नाही, पण दुकानात यायचा. वर्षातून एकदोनदा तिकडून कुणी आलं की आमसुलं, ओल्या नारळाच्या वड्या, फणसपोळी, कुळथाचं पीठ असं पोतं यायचं, आणि ते उघडताना आई आधी त्यात तोंड घालून वास घ्यायची. विश्वामित्री नदीच्या पुलावरून जाताना मी एकदा तिला म्हटलं, ‘आई, इथंही पाणी आहे की.’ ती म्हणाली, ‘आहे ना. पण त्यात मगरी आहेत.’ दुकानात ती पुरणपोळ्या, चकल्या, कडबोळी, मेतकूट, उपासाची भाजणी करायची. पहाटेपासून पुरणयंत्राचा दांडा फिरायचा, त्याची एक कुरकुर होती, दर फेऱ्याला त्याच जागी. अजून कुठं दाराची बिजागरी तशी वाजली की माझ्या उजव्या खांद्यात कळ येते. दांडा बहुतेक वेळा मीच फिरवायचे.

पण दिवस बदलत होते. सगळं पाकिटात यायला लागलं. रावपुऱ्यातल्या फरसाणवाल्यांनी काचेची कपाटं केली, चकल्या ठेवल्या, मग पुरणपोळ्याही ठेवल्या. गुजरात्यांची वेढमी तुरीच्या डाळीची आणि आमची पोळी हरभऱ्याच्या डाळीची, हा फरक सासवांना कळायचा. सुनांना काही त्याचं पडलेलं नव्हतं, आणि आता खरेदी सुना करत होत्या. आमच्या फळ्या भरलेल्याच राहायला लागल्या. त्याच सुमारास एक बाई पुरणावरणाची ऑर्डर द्यायला आल्या आणि गल्ल्याशी उभ्या राहून रडकुंडीला आल्या, ‘स्वयंपाक तुम्ही द्याल हो, पण कुमारिका कुठून आणू? हिला ट्यूशन, तिला कम्प्युटर क्लास, तिसरीला तिची आईच पाठवत नाही.’ आईनं चुलीवरून वाकून बाहेर पाहिलं. मी पुरणयंत्राशी बसले होते, दोन वेण्या, गुडघ्यापर्यंत फ्रॉक. ‘कुमारिका आम्ही आणू,’ आई म्हणाली. झालं. पुरणपोळी कुणीही देईल, देवी कोण देणार? तेवढी एक गोष्ट काचेच्या कपाटात मिळत नव्हती. बाकीचं सगळं त्यामागून आपोआप विकलं जायचं. ज्या घरी मी पाटावर बसायचे, त्या घरची दिवाळी आमच्याकडून जायची.

देवीला नियम असतात. बाहेरचं खायचं नाही. कांदा-लसूण नाही. बोडणाच्या दिवशी कुणाला शिवायचं नाही. आणि कुठल्या दिवशी बोडण निघेल ते सांगता येत नाही, म्हणून कधीच नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सेव-उसळची लारी, म्हणजे हातगाडी, उभी राहायची. बडोद्यात वाढलेल्या माणसाला सेव-उसळ काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, वाटाण्याची झणझणीत उसळ, वर मूठभर जाड शेव, चिरलेला कांदा, बाजूला पाव, आणि वाटीतून वेगळी घालतात ती लालभडक तरी, जास्त हवी तर ‘वधारे’ म्हणायचं. संध्याकाळी तिचा वास थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचा आणि गुळाच्या वासाला मागं सारायचा. माझी मैत्रीण हेतल, शेजारच्या शिलाईवाल्यांची मुलगी, लारीच्या बाकावर बसून खायची आणि मी तिच्यापासून हातभर लांब उभी राहून बघायचे. ती म्हणायची, ‘चाल ने अनु, एक प्लेटमां शुं थई जवानुं छे? तारी मम्मीने कोण कहेवानुं छे?’ आईला कोण सांगणार, म्हणे! हिला काय सांगू? येणारीजाणारी प्रत्येक मराठी बाई आमचं गिऱ्हाईक होती. दांडिया बाजारातल्या सगळ्या खिडक्या माझ्या आईच्या होत्या असं मला वाटायचं.

चैत्रात, वार्षिक परीक्षा संपली त्या दुपारी, मला पाळी आली. शाळेत वरच्या वर्गातल्या मुलींकडून थोडंफार कळलं होतं, त्यामुळे मी घाबरले नाही. उलट मला केवढा आनंद झाला! मोरीतच माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो सुटकेचा. संपलं. आता मी कुमारिका नाही, आता मंगळवारी लंगडी, शुक्रवारी लंगडी, संध्याकाळी लारीवर. मी पळतच आईकडे गेले. ती पुरण शिजवत होती, त्यात पळी उभी राहते का बघत होती. मी तिच्या कानात सांगितलं. तिचा हात थांबला. मला वाटलं ती जवळ घेईल. तिनं आधी मागचं दार लावलं, मग दुकानाकडचं दार लोटलं, आणि मग हळू म्हणाली, ‘कुणाला बोलू नको. हेतललासुद्धा नाही. बाबांना मी सांगते.’

‘किती दिवस?’ मी विचारलं.

‘दिवाळीपर्यंत. दिवाळीचा माल एकदा गेला की मी स्वतः सगळ्यांना सांगेन. शपथ.’ आणि मग, पुरण लागू नये म्हणून घाईघाईनं ढवळत, ‘एवढं माझं ऐक, अनू.’

ऐकलं. न ऐकून जाणार कुठं? दुसऱ्या मुली मोठ्या झाल्या की चार दिवस बाजूला बसत, आराम करत. माझं लपवायचं होतं म्हणून मला तेही नाही. दुखत्या पोटानं मी पुरणयंत्र फिरवलं. आईनं फ्रॉकची खालची शिवण उसवून तो लांब केला, आतून जाड बनियन शिवून घेतला, वेण्या अधिक घट्ट घालायला लागली. आरशात बघितलं की एक लहान मुलगी दिसायची आणि तिच्या आत मी. वैशाखात, ज्येष्ठात, श्रावणात मी पाटावर बसत राहिले. ‘काय हवं बाई?’ ‘दूध.’ ‘अजून काय हवं बाई?’ ‘मध.’ बायका माझ्या पाया पडायच्या. ज्यांच्या केसांत माझ्या आजीएवढी पांढरी बट होती, त्यासुद्धा वाकायच्या, आणि मला वाटायचं, पाटाखालची फरशी दुभंगावी.

आई ढोंगी असती तर सोपं होतं. मी तिचा राग राग केला असता आणि मोकळी झाले असते. पण तिचा या सगळ्यावर माझ्याहून कितीतरी जास्त विश्वास होता. बोडणाच्या दिवशी आम्ही घरी आलो की ती पाण्याशिवाय काही घ्यायची नाही. संध्याकाळी देवापुढं बसायची आणि उठायचीच नाही. बाबा गल्ल्यावरून हाक मारायचे, ‘अगं, गिऱ्हाईक आलंय,’ तरी नाही. एकदा मी रागानं म्हटलं, ‘पाप लागतं तर करतेस कशाला?’ ती म्हणाली, ‘मलाच लागू दे. तुला नाही लागायचं, तू लहान आहेस.’ मी हसले. लहान आहे! ते हसणं तिला कुठं लागलं ते मी बघितलंच नाही, बघायचं वयही नव्हतं.

नवरात्र आलं. बडोद्याचं नवरात्र म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. संध्याकाळ झाली की गल्लीगल्लीतून चणियाचोळ्यांची रांग निघते, आरसे चमकतात, पैंजणं वाजतात, आणि लाउडस्पीकरवरचा ढोल घरातल्या भांड्यांना ऐकू येतो. खरंच, आमच्या फळीवरच्या पेल्यांना किणकिण सुटायची. हेतलनं त्या वर्षी हिरवी चणियाचोळी शिवली होती, आणि तिच्या आईनं उरलेल्या कापडातून माझ्यासाठीही एक शिवली होती, मला न विचारता, प्रेमानं. ती घेऊन दोघी दुकानात आल्या. आईनं कापडावरून हात फिरवला, ‘बहु सरस शिवलीये हो,’ म्हणाली, आणि मग, ‘पण आमच्या अनूला नवरात्रात नाही जमायचं. सोवळ्यातली कामं असतात.’ चणियाचोळी घडी घालून कोठारात, आमसुलांच्या बरणीवर ठेवली गेली. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी मी दांडा फिरवताना ती तिथं दिसायची. दुकानाचं शटर उन्हं उतरल्यावर अर्धं खाली ओढलेलं असे, त्यामुळे मला रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त घागरे आणि पाय दिसायचे. माझ्या आठवणीतला त्या वर्षीचा गरबा गुडघ्याच्या वर जातच नाही.

नवरात्रातल्या शुक्रवारी माईंकडे बोडण होतं. माई कारेलीबागेत राहायच्या. त्यांचे सासरे संस्थानच्या काळात मोठे अंमलदार, दिवाणखान्यात त्यांचा पगडीतला फोटो, खाली शोकेसमध्ये मुलानं अमेरिकेहून पाठवलेल्या वस्तू. त्या मुलाला तिकडे मुलगा झाला होता, त्याचं बोडण इथं होतं. माई स्वभावानं वाईट नव्हत्या. मोठमोठ्यानं बोलायच्या, भरपूर वाढायच्या, आणि त्यांच्या ओळखीनं आम्हाला कितीतरी घरं मिळाली होती. आम्ही पोचलो तेव्हा त्यांची जाऊ आणि शेजारच्या एक बाई आधीच आल्या होत्या. माई, आई आणि त्या दोघी, अशा चार सवाष्णी झाल्या. माईंनी मला समोर उभं केलं, खांद्याला धरून एकदा इकडे, एकदा तिकडे वळवलं, आणि आईला म्हणाल्या, ‘सुधा, तुझी अनू अंगानं बेताची आहे ते किती बरं गं! आमच्या वन्संकडे मार्गशीर्षात बोडण आहे, पुढच्या वर्षी भाचीचं लग्न आहे. अजून दोनतीन वर्षं सहज चालेल ही.’

मी आईकडे पाहिलं. दिवाळीपर्यंत, शपथ. आई डब्याचं झाकण उघडत होती. वर न बघता म्हणाली, ‘हो, चालेल की.’

एखादं पातेलं अजून किती वर्षं चालेल, तसं. मला तेव्हा जे वाटलं ते आज लिहितानाही अंगावर येतं. राग नव्हता तो, राग यायला जागा लागते. मला दिसलं की दिवाळी कधी येणारच नाही. मार्गशीर्ष येईल, भाचीचं लग्न येईल, भाचीला बाळ होईल, आणि मी बनियन घट्ट करून त्याच पाटावर बसलेली असेन.

दार लागलं. वरची कडी घातली. पाचजणी परातीभोवती बसलो, हात आत गेले. वरण, भात, पुरण, दूध, दही, सगळं कोमट आणि बुळबुळीत. इतक्या वेळा केलं तरी त्या पहिल्या स्पर्शाला माझ्या पाठीत शहारा यायचा. माईंनी सुरुवात केली, ‘काय हवं बाई?’

‘दूध,’ मी म्हटलं. एका हातानं दूध ओतलं गेलं.

‘अजून काय हवं बाई?’

‘मध.’

दही झालं, तूप झालं, साखर झाली. माईंनी हसून विचारलं, ‘पोट भरलं का बाई?’

‘नाही.’

मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून तेच आलं. ‘अगं बाई, आज भूक लागलीये देवीला,’ जाऊबाई म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. आणखी दूध ओतलं. पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. मधाची बाटली उपडी झाली, दह्याचं भांडं रिकामं झालं, परात काठापर्यंत आली आणि आमची मनगटं बुडाली. पोट भरलं का बाई? नाही. हसणं थांबलं. बाहेर दिवाणखान्यात फोन वाजायला लागला, लांब लांब घंटा देत. तसा तो परदेशाचाच वाजायचा. ‘सुहास असेल,’ माई म्हणाल्या, ‘तिकडे मध्यरात्र झाली असेल, बोडण झालं का विचारायला जागा राहिला असेल.’ पण हात काढता येत नव्हता. माईंचे यजमान गच्चीवर पाठवलेले, दाराला आतून कडी. फोन वाजून बंद झाला, पुन्हा वाजायला लागला. ओतायचं संपलं तशा चार मोठ्या बायका मनगटापर्यंत दूधभातात दोन्ही हात घालून बसल्या होत्या, त्यांच्या कपाळावर घाम आला होता, एकीच्या नाकावर माशी बसली होती आणि तिला ती हाकलता येत नव्हती. मी त्यांना धरून ठेवलं होतं. मला कुणी धरून ठेवलंय हे त्या खोलीत एकीलाच माहीत होतं.

‘बोल ना गं बाई,’ माईंचा आवाज आता चढला होता, ‘मग हवंय तरी काय तुला?’

मी आईकडे पाहिलं. एक वाक्य होतं. ते मी म्हटलं असतं की सगळं संपलं असतं, माझं देवीपण, माईंचं बोडण, वैशाखापासूनची सगळी बोडणं, आणि आमचं दुकान. आईला ते माझ्या तोंडावर आलेलं दिसलं. तिनं मान हलवली नाही, डोळे मोठे केले नाहीत. परातीच्या तळाशी, जिथं कुणाला दिसत नव्हतं, तिचा हात माझा हात शोधत आला. मला वाटलं ती चिमटा काढणार. तिनं फक्त माझी बोटं धरली. इतकी घट्ट धरली की परातीतली अन्नपूर्णा हलून कडेला लागली आणि टण् असा बारीक आवाज झाला. त्या क्षणी मला कळलं की दाराची कडी काढायची कशी हे तिलाही माहीत नाही.

‘भरलं,’ मी म्हटलं.

सगळ्यांनी एकदम हुश्श केलं. माई ओल्या हातानंच कडी काढून फोनकडे धावल्या. आईनं मूर्ती उचलली, धुतली, पुसली आणि पाटावर ठेवली. माझ्या ओटीत नारळ पडला. निघताना माई दारातून, ‘आवजो गं सुधा, मार्गशीर्षाचं लक्षात ठेव,’ म्हणाल्या आणि आईनं चपला पायात सरकवल्या. रिक्षात रिकामे डबे आमच्या मांडीवर खडखडत होते. मी तिच्याकडे पाठ करून बाहेर बघत होते. माझे हात धुतले होते तरी दुधाचा वास येत होता.

गल्लीच्या तोंडाशी आईनं रिक्षा थांबवली. नेहमी ती अगदी दुकानाच्या पायरीशी थांबवायची. दुपार उतरत आली होती, लारीवाल्यानं नुकताच स्टोव्ह पेटवला होता. आईनं डबे बाकावर ठेवले, मला म्हणाली, ‘बस.’ आणि त्याला म्हणाली, ‘एक प्लेट, भाई. कांदो नाखीने.’ कांदा घालून!

तो लारीवाला आम्हाला वर्षानुवर्षं ओळखत होता. आमच्याकडचं कुणी त्याच्या बाकावर बसलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं विचारलं, ‘तीखुं चालशे बेबीने?’

‘चालशे,’ आई म्हणाली.

प्लेट हातात आली. मी खात नव्हते. मला वाटत होतं यात काहीतरी आहे, ही शिक्षा आहे, किंवा लाच आहे. तेवढ्यात समोरून जोशीकाकू आल्या, हातात पिशवी, आमच्याच दुकानाकडे निघालेल्या. त्यांच्याकडे मंगळवारी बोडण होतं. त्या थबकल्या. माझ्याकडे, प्लेटकडे, आईकडे बघितलं. ‘अहो हे काय? नवरात्र चालू आहे, मंगळवारी आमच्याकडे कुमारिका म्हणून यायची आहे ना ही? आणि रस्त्यावर कांदा खाते?’

आईचे हात पदरात होते. तिनं ते बाहेर काढले. ‘काकू, मंगळवारी पुरणावरण वेळेवर पोचेल. कुमारिका तुमची तुम्ही बघा. आमची अनू चैत्रात मोठी झाली.’

‘चैत्रात?’ काकूंचा आवाज कसाबसा आला. ‘अहो, पण श्रावणात माझ्या नातवाच्या बोडणाला...’

‘हो,’ आई म्हणाली. ‘तेव्हाही मला माहीत होतं. हिला बोलू नका, मी गप्प बसवलं होतं. काय बोलायचं ते मला बोला.’

काकू वळल्या आणि आल्या वाटेनं परत गेल्या, दुकानात न येता. पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण ते सांगायला मला दुसरी जागा नाही. दिवाळीच्या आत सगळ्या घरी कळलं. माईंनी मार्गशीर्षाचा विषय परत काढला नाही आणि समोरून येताना दिसल्या तर रस्ता बदलला. त्या दिवाळीला आमच्या चकल्या आम्हीच खाल्ल्या. बाबा शटर रोज थोडं उशिरा उघडायला लागले. दुकान अगदीच बंद पडलं नाही. आमसुलं आणि भाजणी घेणारे थोडे जण राहिले, हेतलच्या आईनं तिच्या गिऱ्हाइकांना आमच्या पोळ्या खायला लावल्या, आणि नंतर मी सावली गावाजवळच्या एका कंपनीत लागले तेव्हा आईनं पुरणयंत्र कायमचं फडताळात ठेवलं. आता माझी पन्नाशी आली. बडोद्याला आलेल्या पाहुण्यांना मी हौसेनं सेव-उसळ खायला नेते, आणि ते तिखटानं हुसहुसत असताना माझं लक्ष दुसरीकडेच असतं.

काकू दिसेनाशा झाल्यावर आई माझ्या शेजारी बाकावर टेकली. डबे मांडीवर घेतले. ‘खा,’ म्हणाली. मी पहिला घास घेतला. जीभ पोळली, कानातून वाफा गेल्या, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते मी पुसलं नाही कारण ते कशाचं ते मला सांगायचं नव्हतं. पाव संपला, शेव संपली, प्लेटच्या तळाशी लाल रस्सा उरला. ढोलवाला कुठंतरी रात्रीसाठी ढोल ताणून बघत होता. आई रस्त्याकडे बघत बसली होती. मग माझ्याकडे न वळताच तिनं विचारलं, ज्या सुरात आतापर्यंत दार लावून विचारायची त्याच सुरात,

‘पोट भरलं का बाई?’

मी नाही म्हणून मान हलवली. आईनं माझ्या हातातली प्लेट घेतली आणि उभी राहून लारीवाल्यापुढं धरली.

‘थोडी तरी वधारे नाखजो, भाई.’